एक फळी तांबडी, एक फळी निळी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळी कावळे बोलत आणि माणसं ते ऐकत. कावळे बोलतात म्हणा अजूनही, पण ऐकायला बसतं कोण! तुम्ही मात्र बसलाच आहात, तर नीट ऐका. लहानांनी ऐका, मोठ्यांनीही ऐका. मोठ्यांनी जरा जास्तच.

एका नदीच्या काठी, टेकडीच्या उतारावर एक गाव होतं. घरं सगळी नदीकडे तोंड करून, एकावर एक पायऱ्यांसारखी बसलेली. पलीकडच्या काठावर वस्ती नव्हती. एक दगडी घाट, एक पिंपळ आणि वाटसरूंसाठी एक पडवी, एवढंच काय ते. पण त्या पिंपळाखाली उभं राहिलं की गावातलं एकूण एक दार दिसायचं.

त्या गावाची एक रीत होती. पावसाळा सरला, पितर जेवून गेले, की दसऱ्याच्या आत घरोघर पुढच्या दाराला रंग द्यायचा. गेरू बारीक वाटायचा, जवसाच्या तेलात खलायचा आणि दाराच्या दोन्ही फळ्यांना चोपडायचा. पोरं तो नाकाला लावून घ्यायची आणि आयांचे धपाटे खायची. दारं तांबडीलाल झाली की अख्खं गाव न्हाऊनमाखून बसल्यासारखं दिसे.

आणि ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घराचं दार त्या वर्षी कोरं ठेवायचं. कोऱ्या दाराची कडी वाटसरूने वाजवायची नाही. लांबूनच हात जोडायचे आणि पुढे निघायचं. एखादं दार वर्षानुवर्षं कोरंच राहिलं, तर त्या घरात मागे कुणी उरलं नाही असं समजून चालायचं. दुःखातल्या माणसाला उगीच कुणी उठवू नये, म्हणून कुणा शहाण्याने पाडलेली ही रीत होती. चांगलीच होती. पण रीत काही स्वतः विचार करत नाही, तो आपण करायचा असतो. हे येसबा तेल्याला कोण सांगणार!

येसबा तेली म्हणजे गावचा घाणा चालवणारा माणूस. साऱ्या गावाच्या दारांना जे तेल लागे, ते याच्याच घाण्यातून निघे. बायको लवकर गेली. मागे राहिला एक मुलगा, लिंबा. येसबाने त्याला एकट्याने वाढवलं. भाकरी थापायला शिकला, अंगडी शिवायला शिकला, अंगाईसुद्धा म्हणायला शिकला, आणि ती इतक्या भसाड्या आवाजात म्हणायचा की घाण्याचा बैल कान पाडून बसायचा. पोरावर जीव होता हो. पण नाकावर राग. आणि बापाचं नाक आणि बापाचाच हट्ट, दोन्ही पोराने पुरेपूर उचलले होते. एका घरात असली दोन नाकं म्हणजे काय होणार, ते तुम्हीच समजा.

एका वर्षी दारं रंगवायच्या दिवशी लिंबा लमाणांच्या तांड्यावरून निळीची एक ढेप घेऊन आला.

"बा," तो म्हणाला, "औंदा आपलं दार निळं करू. साऱ्या गावात एकच निळं दार. नदीपलीकडून बघणारा म्हणेल, ते बघा तेल्याचं घर!"

"तांबडा सोडून दुसरा रंग? माझ्या दाराला?" येसबा म्हणाला. "माझ्या बापाने तांबडा दिला, त्याच्या बापाने तांबडा दिला. गुमान गेरू कालव."

लिंबाने गेरू कालवायला घेतला, पण तोंड बंद ठेवेल तर तो लिंबा कसला! शब्दाने शब्द वाढला. शेवटी येसबाने ती निळीची ढेप उचलली, घाण्याखालच्या अंधारात भिरकावून दिली आणि ओरडला, "मी जिवंत आहे तोवर या दाराला निळा रंग लागायचा नाही!"

"मग तू आणि तुझं दार, बसा दोघं!" लिंबा म्हणाला. त्याने गेरूने माखलेल्या हाताने उजवी फळी धाडकन ढकलली आणि उतारावरून जो निघाला, तो तांड्याबरोबर निघूनच गेला.

येसबाला वाटलं, येईल संध्याकाळपर्यंत. भूक लागली की येईल. संध्याकाळ झाली, भाकऱ्या गार झाल्या. सण आला आणि गेला. पोरगं काही आलं नाही.

रंगासाठी घासून ठेवलेल्या त्या कोऱ्या दारावर राहिला फक्त एक ठसा. उजव्या फळीवर, कडीच्या वर, पाच बोटांसकट लिंबाच्या हाताचा तांबडा पंजा.

पुढच्या वर्षी रंगाचे दिवस आले. येसबाने गावाला तेल काढून दिलं. मग स्वतःसाठी गेरू कालवला, कुंचला बुडवला आणि दारापाशी उभा राहिला. पंजा समोर. कुंचला वर गेला, पण हात काही पुढे जाईना. हा पुसला तर पोराचं माझ्याजवळ राहिलं काय? त्याने कुंचला धुऊन ठेवला.

मग दरवर्षी असंच. पावसाळ्यात तो पंजावर गोणपाट टांगून ठेवी, उन्हाळ्यात ते काढून हळूच फुंकर मारी. पंजा राहिला. पण बाकीचं दार? त्याला तेल नाही, रंग नाही. फळ्या राखाडी पडल्या, उभ्या चिरा गेल्या, खालच्या कडा पाण्याने सडल्या. साऱ्या गावाच्या दारांना तेल पुरवणाऱ्या माणसाचं दार गावात सगळ्यात वाईट दिसू लागलं.

शेजारी चिमाक्का राहायची. येसबाहून थोडी मोठी, आणि बोलायला कुणाच्या बापाला न भिणारी. ती म्हणायची, "येसबा, अरे रंगव ते दार. मेलेल्याच्या घरासारखं दिसतंय."

"मी जिवंत आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला आहे रे. रस्त्याला कुठे ठाऊक आहे?"

"रस्त्याशी मला काय करायचंय?" येसबा म्हणायचा.

शहाणा माणूस! ज्याची वाट बघत होता, तो रस्त्यानेच येणार होता की नाही? पण हट्टाला पेटलेल्या माणसाला एवढं साधं सुचत नाही. लोकांनी सांगणं सोडून दिलं. तेल न्यायला येणारे मागच्या बाजूने घाण्याकडे यायचे, त्यामुळे पुढच्या दाराची कडी कुणी वाजवत नाही, हे येसबाच्या ध्यानातही आलं नाही.

अशी काही वर्षं गेली.

मग एका भाद्रपदात, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या सकाळी, येसबा अंगणात जवस वाळत घालत होता. पाऊस थांबला होता, पण नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. नावा केव्हाच्या वर ओढून बांधलेल्या. तेवढ्यात कुंपणावर एक म्हातारा कावळा येऊन बसला. त्याने येसबाला खालून वर न्याहाळलं, मग वरून खाली न्याहाळलं.

"तेलीबुवा," कावळा म्हणाला, "तुमचं मरायचं काही ठरतंय का?"

येसबाच्या हातातलं सूप खाली पडलं. "सकाळी सकाळी काय बोलतोस रे मेल्या?"

"मेल्या मला कशाला म्हणता? पलीकडे तर तुम्हालाच मेलेलं धरलंय. दरवर्षी उद्याच्या दिवशी त्या घाटावर एक जण तुमच्या नावाने पिंड मांडतो. गरम भात, वर तूप. वास असा सुटतो की काय सांगू! आणि आम्ही फांदीवर बसून नुसतं बघायचं. जिवंत माणसाचा पिंड शिवायचा नाही, हा आमच्यातला नियम. माझ्या बापाने पाळला, त्याच्या बापाने पाळला. म्हणून विचारायला आलो. एकतर तुम्ही मरा, नाहीतर त्याला जिवंत आहात ते कळवा. आमची उपासमार थांबवा."

"कोण मांडतो पिंड?" येसबाने विचारलं. विचारलं खरं, पण उत्तर त्याला ठाऊक होतं.

"कोण म्हणजे? तुमचंच नाक आहे की त्याच्या तोंडावर."

येसबा मटकन खाली बसला.

कावळ्याने मग सगळं सांगितलं. लिंबाचा राग कधीच उतरला होता. पहिल्यांदा तो परत आला, तो बापासाठी नवं पागोटं घेऊन आला. नदीला असाच पूर होता. पिंपळाखाली उभं राहून त्याने आपलं घर शोधलं. सगळ्या दारांवर गेल्या दसऱ्याचा तांबडा रंग, आणि एकच दार कोरं, तेही आपलंच. घरात माणसं दोनच होती. त्यातला एक तर पलीकडे उभा होता. मग गेलं कोण, हे काय विचारायला हवं होतं? ते पागोटं मांडीवर घेऊन तो दिवसभर तिथे बसून राहिला. पुढच्या वर्षी आला, तर दार आणखी राखाडी झालेलं. आता शंकाच उरली नाही. बाप गेला, आणि आपल्या तोंडचे वाईट शब्द कानात घेऊन गेला. गावात तोंड दाखवायची त्याला लाज वाटे. तिथी ठाऊक नाही, म्हणून तो सर्वपित्रीला येई, घाटावरच पिंड मांडी, आणि हात जोडून कावळ्याची वाट बघे.

"आणि तुम्ही शिवत नाही," येसबा म्हणाला.

"कसे शिवणार? मग तो रडतो. त्याला वाटतं, बाप अजून रागावलाय. तो म्हणतो, बा, मी दाराला तांबडाच रंग देईन. म्हणतो, बा, पुन्हा निळ्याचं नाव काढणार नाही, आता तरी शिव. तासन् तास म्हणतो हो. शेवटी दर्भाचा कावळा करून त्यालाच घास शिववतो आणि निघून जातो. आम्ही इतके जण समोर बसलेलो असताना, गवताचा कावळा! अपमान म्हणतात तो हा."

येसबाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोरगं जिवंत आहे म्हणून त्याला हसू येत होतं, आणि पोरगं आपलंच श्राद्ध घालतंय म्हणून रडू येत होतं. दोन्ही एकदम आलं, आणि त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून चिमाक्का धावत कुंपणापाशी आली.

"अरे, पण तू त्याला सांगितलं का नाहीस?" येसबा कावळ्यावर ओरडला.

"किती वेळा सांगू? पिंडापाशी बसलेल्या माणसाची नजर माझ्या चोचीवर असते. चोचीतून काय येतंय, तिकडे त्याचं लक्षच नसतं. आणि ऐका, आज तो पडवीत येऊन उतरलाय. पिंपळाशी बोलत होता. म्हणतो, उद्याही कावळा शिवला नाही, तर या घाटावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही. दूर दर्यापार जाणारं एक गलबत आहे म्हणे, त्यावर चढणार, आणि उतरायचं नावच काढणार नाही."

येसबा ताडकन उठला. नदीकडे धावला. पाणी असं घोंघावत होतं की स्वतःची हाक स्वतःला ऐकू येईना. पोहून जायचं तर दोन हात मारायच्या आत वाहून जाणार, आणि मग उद्याचा पिंड खराच ठरणार. वरून डोंगराला वळसा घालून जायचं, तर पोचेपर्यंत उद्याचा दिवस मावळलेला असणार. तो तसाच माघारी आला आणि आपल्या दारासमोर उभा राहिला. इतकी वर्षं तो फक्त पंजा बघत आला होता. आज पहिल्यांदाच त्याने दार बघितलं.

"चिमाक्का," तो म्हणाला, "हे तर खरंच मेलेल्याच्या घराचं दार आहे गं."

"बरं झालं, कावळ्याने सांगितल्यावर तरी कळलं," चिमाक्का म्हणाली.

"तुझ्याकडे गेरू आहे का?"

"आज? पितृपक्षात? अरे, या दिवसांत नवं काही करत नाहीत. पितर कोपतात!"

"त्या पितरांत पोराने मलाच बसवलंय, चिमाक्का. मी सांगतो ना, मी नाही कोपत!"

चिमाक्काने त्याच्याकडे बघितलं. मग ती घरात गेली आणि गेल्या वर्षीच्या गेरूचं गाडगं घेऊन आली. एवढ्याने भागायचं नव्हतं. ती शेजारणींकडे गेली. हात कमरेवर ठेवून तिने असं काही सांगितलं, की जिच्या घरी चिमूटभर गेरू होता तीही घेऊन आली. कुणाचा फिका, कुणाचा काळपट, कुणाच्या गेरूत चुलीची राख पडलेली. येसबाने सगळा एकत्र केला आणि आपलं ताजं जवसाचं तेल त्यात ओतलं. डावी फळी घासून घेतली आणि रंगवायला लागला. सुकलेलं लाकूड तेल असं पीत होतं, की एक हात दिला की लगेच दुसरा द्यावा लागे. दुपारपर्यंत डावी फळी तांबडीलाल झाली.

मग तो घाण्याखाली शिरला. अंधारात चाचपत चाचपत त्याने निळीची ढेप शोधून काढली. वर धुळीचा आणि पेंडीचा थर बसलेला, पण आत निळं निळंच होतं. त्याने ती फोडली, वाटली, तेलात कालवली. बघतो तर रंग काळाकुट्ट.

"आता हे काय?" तो घाबरला. "काळं दार बघून तर तो तिकडूनच पळेल!"

"नुसती नीळ तेलात अशीच दिसते. थोडी पांढरी माती घाल," चिमाक्का म्हणाली. तिचं माहेर रंगाऱ्यांच्या गावचं होतं. येसबाने पांढरी माती घातली, आणि रंग उघडला. पावसाने धुतलेल्या आभाळासारखा झाला.

येसबा उजव्या फळीपाशी आला. कुंचला त्याने वरून खाली, खालून वर फिरवला, पण पंजाभोवती वळण घेऊन. पंजा तेवढा सोडला. बाकी सगळी फळी निळी झाली. कावळा उडाला, नदीवरून एक फेरी मारून परत आला आणि म्हणाला, "तेलीबुवा, तिकडून पंजाबिंजा काही दिसत नाही. फळीला भोक पडल्यासारखं दिसतं. पडक्या घराच्या दाराला असतं ना, तसं."

येसबाने कुंचला खाली ठेवला. त्या पंजावर त्याने आपला पंजा टेकवला. पोराची बोटं त्याच्या बोटांच्या पुढे गेलेली होती. लिंबाचा हात आपल्या हातापेक्षा मोठा झाला होता, आणि इतकी वर्षं रोज बघूनही हे आपल्याला कळलं नव्हतं, याचं त्याला फार वाईट वाटलं. तो लहान मुलासारखा रडला. शेजारणी उभ्या होत्या, तरी रडला. मग त्याने डोळे पुसले, कुंचला उचलला आणि पंजा झाकून टाकला.

दुसऱ्या दिवशी नदीवर दाट धुकं होतं. येसबा अंघोळ करून अंगणात उभा. शेजारीपाजारी जमलेले. हळूहळू ऊन चढलं, धुकं विरळ झालं, आणि पलीकडे घाटावर एक माणूस दिसला. समोर पान मांडलेलं. तो दक्षिणेकडे तोंड करून बसला होता. गाव होतं त्याच्या पाठीला.

"तो इकडे बघतच नाही!" येसबा म्हणाला. "दार रंगवून काय उपयोग? त्याला दिसणारच नाही."

"माझी चोच दिसते ना त्याला?" म्हातारा कावळा म्हणाला. "मग चोच जिकडे जाईल, तिकडे त्याची नजर येईल. तुम्ही फक्त त्या दारासमोरून बाजूला व्हा. मघापासून तेच झाकून उभे आहात!"

चिमाक्काने येसबाला दंडाला धरून बाजूला ओढलं, आणि कावळा उडाला.

तो घाटावर उतरला. एकेक उडी मारत पिंडाच्या अगदी जवळ गेला. लिंबा पुढे वाकला. आजवर एकही कावळा इतक्या जवळ आला नव्हता. "शिव, बा," तो पुटपुटला, "आता तरी शिव." कावळ्याने चोच खाली नेली. तुपाचा वास नाकात गेला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पण नियम तो नियम! ऐन घासाच्या वर त्याने मान फिरवली, पंख पसरले आणि नदीच्या दिशेने सरळ रेषेत निघाला. लिंबा वळून दुःखाने त्याच्या मागे बघत राहिला. कावळा गढूळ पाण्यावरून गेला, उतारावरच्या घरांवरून गेला, आणि एका दारावर जाऊन बसला.

दार. एक फळी तांबडी, एक फळी निळी.

लिंबाने डोळे चोळले. साऱ्या दारांचे रंग गेल्या वर्षीचे, पावसाने उतरलेले, आणि हे एकच दार तेलाने चकचकत होतं. कोरं नव्हतं ते. म्हणजे या घरात माणूस आहे. तांबडा रंग कोण देणार? ज्याच्या बापाने आणि बापाच्या बापाने तांबडा दिला, तोच. आणि निळा? त्या घाण्याखाली निळीची ढेप पडली आहे, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. 'मी जिवंत आहे तोवर निळा लागायचा नाही,' म्हणणारा जिवंत होता, आणि निळा लागला होता.

"बा!" लिंबा ओरडला. "बा!" आणि तसाच धावत सुटला, घाटाच्या पायऱ्या उतरून थेट पाण्यात. गुडघे बुडाले, कंबर बुडाली, पाण्याने त्याला ओढलं.

येसबाने अंगणातून ते बघितलं. हाक पोचणार नव्हती. त्याने दोन्ही पंजे वर केले, उघडे, समोर धरलेले, आणि जिवाच्या आकांताने नाचवले. थांब! थांब! लिंबाने ते बघितलं. लहानपणी घाण्याच्या फार जवळ गेला, की बाप असेच पंजे दाखवायचा. तो थांबला. पिंपळाचं एक मूळ पाण्यात लोंबत होतं, ते धरून तो मागे सरला आणि पायरीवर बसला. येसबाचा जीव भांड्यात पडला. इकडे बाप हसत होता, तिकडे पोरगं हसत होतं, आणि मध्ये नदी आपली घोंघावत होती. आता खुशाल घोंघावू दे. ओसरल्याशिवाय तिला तरी कुठे गत्यंतर होतं!

म्हातारा कावळा घाटावर परत गेला आणि पानासमोर बसला.

"हा आता पिंड राहिला नाही," तो म्हणाला. "नुसता भात आहे. होय ना?"

या वेळी लिंबाला ते स्पष्ट ऐकू आलं. "होय रे बाबा, नुसता भात आहे. खा!" तो म्हणाला, आणि पान कावळ्यापुढे सरकवलं. इतक्या वर्षांच्या भुकेचा हिशेब कावळ्यांनी त्या एका पानात चुकता केला. तूप तर पानावरूनही पुसून नेलं.

पूर उतरेपर्यंत बापलेक रोज सकाळी आपापल्या काठावर येत. येसबा भाकरी वर करून दाखवी, म्हणजे जेवलो. लिंबा पागोटं वर करून दाखवी, म्हणजे हे तुझ्यासाठी. मग दिवसभर दोघं आपापल्या बाजूला बसत. दोघांनाही कसली घाई नव्हती. भांडताना एकमेकांचं ऐकायला ज्यांना सवड नव्हती, ते आता ऐकू येत नसतानाही तासन् तास समोरासमोर बसत.

शेवटी पाणी उतरलं आणि पहिली नाव सुटली. लिंबा उडी टाकून उतरला आणि चढावरून धावतच आला. येसबाने दार मुद्दाम लावून घेतलं होतं. आपण आत असावं आणि पोराने कडी वाजवावी, एवढीच त्याची हौस. पण कडी वाजवायला थांबेल तर तो लिंबा कसला! त्याने उजव्या हाताने निळी फळी धाडकन ढकलली.

आता पुरानंतरची ओलसर हवा, आणि जवसाचं तेल. असा रंग का लवकर वाळतो?

"अरे मूर्खा, रंग ओला..." येसबाने तोंड उघडलं, आणि तिथेच मिटलं.

निळ्या फळीवर, कडीच्या वर, लिंबाचा पंजा उमटला होता. पाच बोटांसकट, ताजा. आणि तो ज्याचा होता, तो समोर उभा होता, निळा हात बापाच्या गळ्यात टाकून. येसबासाठी आणलेलं नवं पागोटं, त्याचा सदरा, मान, सगळं निळं झालं. चिमाक्का कुंपणापलीकडून म्हणाली, "बघा, शेवटी तेलीच निळा झाला!"

तेव्हापासून त्या घराचं दार दर दसऱ्याला रंगू लागलं. एक फळी बाप तांबडी रंगवी, एक फळी मुलगा निळी. रंगवताना पंजा झाकला जाई, आणि झाकला म्हणून कुणी रडत नसे, कारण हात घरातच होता. गावानेही आपली रीत थोडी बदलली. कोऱ्या दाराला लांबून हात जोडून जायचं बंद झालं. तिथे थांबायचं, कडी वाजवायची आणि विचारायचं, "आत कुणी आहे का?" पुष्कळदा असतं हो कुणीतरी. आणि म्हातारा कावळा दर सर्वपित्रीला त्या दारावर येऊन बसे. त्याला गरम भात मिळे, वर तूप, आणि कुणाच्याही नावाने नाही, त्याच्या स्वतःच्या नावाने.

म्हणून बाळांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याची वाट बघता, त्याची जुनी खूण जपत बसू नका, आपलं दार उजळ ठेवा, म्हणजे आत कुणी वाट बघतंय हे त्याला दुरूनही दिसेल.